अपघाताचं वर्णन, स्वतःच्या शब्दांत

बारा वाजून पाच मिनिटांनी गल्लीत धाडकन आवाज झाला तेव्हा मधली खाली दवाखान्यात टॉवेलांच्या घड्या घालत होती. पाठोपाठ काच खळ्ळकन फुटली. गाड्यांची दोन दारं उघडली, आणि पुढे काहीच नाही. एवढी जोरात ठोकली तरी कोणी कोणाची आईबहीण काढत नाही म्हटल्यावर तिनं हातातला टॉवेल टाकला. ती धावत पायऱ्यांपाशी आली आणि बघते तर काय, आईबहीण काढणार तरी कशी? दोघांची एकच होती.

दवाखान्याच्या पायऱ्यांकडे तोंड करून धाकट्याची पाव पोचवायची पांढरी व्हॅन उभी होती. गल्लीच्या पलीकडे, बंद लाँड्रीच्या शटरकडे तोंड करून दादाची क्रीम रंगाची गाडी. आणि गल्लीच्या मधोमध दोघींच्या पाठी एकमेकींत अडकून बसल्या होत्या. व्हॅनचं मागचं दार दुमडलं होतं, दादाच्या गाडीचा दिवा फुटला होता, बंपर एका बाजूनं लोंबत होता. दोघं भाऊ आपापल्या दारापाशी उभे होते, एक हात मानेवर, नजर दुसरीकडे. दादा लाँड्रीची पाटी वाचत होता. गेली चार वर्षं तीच पाटी होती.

सहा वर्षं हे असंच चाललं होतं. बाबा गेले, त्यानंतर महिन्याभरात दादानं बाबांची जुनी गाडी कोणाला न विचारता भंगारात घातली. धाकटा त्या गाडीत बाबांच्या शेजारी बसून ड्रायव्हिंग शिकला होता. तो दादाच्या चष्म्याच्या दुकानात जाऊन गिऱ्हाइकांसमोर त्याला म्हणाला, "तू बाबांनाच विकलंस." दादानं हातातला चष्मा पुसून पेटीत ठेवला आणि म्हणाला, "झालं? आता नीघ." तिथून दोघांचं बोलणं बंद. आई मधलीकडे वरच्या मजल्यावर राहायची, त्यामुळे सगळ्या गाठीभेटी मधलीच्या गळ्यात. आईच्या वाढदिवशीही तिनं पाळ्या लावल्या होत्या: दादा अकराला, धाकटा चारला. मधल्या वेळात ती दादाचे कप विसळून ठेवायची.

मग आज वाढदिवशीच बारा वाजता दोघंही इथे कसे, हा विचार तिनं बाजूला सारला. आधी माना.

"आत चला," ती म्हणाली. "दोघंही."

"मला काही झालेलं नाही," दादा पाटीला म्हणाला.

"मान डावीकडे वळव बघू."

दादानं वळवायला घेतली आणि त्याच्या तोंडून अशी किंकाळी निघाली की समोरच्या खिडकीतलं मांजर उडी मारून पळालं. धाकटा हसला, आणि हसताना त्याच्याही मानेतली कळ मस्तकात गेली.

तीस वर्षं मधलीनं लोकांचे खांदे, गुडघे, माना सरळ केल्या होत्या. हात लावताच तिला कळलं, दोघांनाही फक्त झटका बसलाय, हाडाला काही नाही. तिनं दोघांना दोन खाटांवर उताणं झोपवलं, मानेखाली गरम शेकाच्या पिशव्या सरकवल्या आणि बजावलं, "अर्धा तास हलायचं नाही." मधला पडदा तिनं ओढून घेतला. सवयच ती.

पुढच्या अर्ध्या तासात बाहेरची खोली भरली. वहिनी, म्हणजे दादाची बायको, आपल्या भावालाच घेऊन आली. तो विमा एजंट. सगळ्या घराच्या गाड्यांचे विमे त्याच्याकडे, म्हणून पोरं त्याला विमामामा म्हणायची आणि आता मोठी माणसंही म्हणायला लागली होती. त्याच्या मागोमाग स्कूटरवरून धाकट्याची बायको आली. ती शाळेत गणित शिकवायची. घरात तिचं नाव गणितबाई. नवरा जिवंत आहे याची खात्री करून घेतल्यावर दोघी जावा समोरासमोरच्या बाकांवर बसल्या, मध्ये व्यायामाची सायकल.

"अठ्ठावीस वर्षं गाडी चालवतायत हे," वहिनी सायकलला म्हणाली. "एक ओरखडा नाही. एक क्लेम नाही. आज कोणीतरी मागनं येऊन ठोकतं."

"मागनं कोण आलं ते गाड्या बघूनच कळतंय," गणितबाईही सायकललाच म्हणाली. "दोन्ही गाड्यांच्या पाठी आपटल्यात. म्हणजे दोन्ही मागनंच आल्या. साधी भूमिती आहे."

विमामामानं ब्रीफकेस उघडून दोन फॉर्म टेबलावर ठेवले. अपघात म्हटला की त्याच्या चेहऱ्यावर एक गंभीर तेज यायचं.

"तीन रस्ते आहेत," तो म्हणाला. "एक, क्लेमच करायचा नाही, ज्यानं त्यानं आपल्या खिशातून दुरुस्ती करायची. दोन, ज्याच्या त्याच्या विम्यावर ज्याचा त्याचा क्लेम. त्यात नो क्लेम बोनस जातो, पण काम होतं. तीन, समोरच्याची चूक म्हणून समोरच्यावर क्लेम. मग पोलिसात तक्रार, साक्षीदार, तारखा."

"तीन," वहिनी म्हणाली.

"तीन," गणितबाई म्हणाली.

सहा वर्षांत दोघींचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं, तेही असं. आजवरचा अबोला तोंडी होता. तोंडचं कधीतरी पुसलं जाईल, असं मधली मनाला समजावत आली होती. पण एकदा भावानं भावाविरुद्ध शिक्क्याच्या कागदावर सही केली, की मग तिनं कितीही कप विसळले तरी काय उपयोग?

जिन्यावर काठी वाजली. आई खाली उतरत होती. चाळीस वर्षं इस्पितळात, त्यातली बारा मेट्रन म्हणून. तिच्या काठीचा आवाज आला तरी वॉर्ड सरळ बसायचा, असं अजून लोक सांगायचे. आज तिनं मोतिया रंगाची साडी नेसली होती आणि केसांना व्यवस्थित पिना लावल्या होत्या.

"मेलंय का कोणी?" तिनं विचारलं.

"नाही, आई."

"मग केक कुठेय?"

केक व्हॅनमध्ये होता. मागच्या भागात, दुमडलेल्या दाराआड. पुढच्या सीट आणि मागचा भाग यांच्यामध्ये लोखंडी पत्रा, त्यामुळे पुढून हात पोचणं शक्य नव्हतं.

"दार पहारीनं उघडू," आई म्हणाली.

विमामामा ताडकन उभा राहिला. "अजिबात नाही! क्लेम करायचा असेल तर कंपनीच्या सर्व्हेयरनं पाहिल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि आज रविवार."

"म्हणजे क्लेम केला तर केक नाही?"

"असं बघायला गेलं तर... हो."

"आणि क्लेम नाही केला तर?"

"तर आत्ता उघडा. पण मग दार नवीन घालायला धाकट्यालाच भुर्दंड. आणि व्हॅन आठ-दहा दिवस बंद."

आईनं काठी टेकवत बाक गाठला. तेवढ्यात आतल्या खोलीतून दादाचा आवाज आला. खाटेवरून त्याला सगळं ऐकू येत होतं.

"क्लेम वगैरे काही नको. दोन्ही गाड्यांचं मी बघतो."

तो मनापासून म्हणाला होता हे मधलीला कळलं. पण "मी बघतो" हे शब्द ऐकून तिनं डोळे मिटले. गाडी भंगारात घातली तेव्हाही तो हेच म्हणाला होता. पडद्यापलीकडून धाकट्याचा आवाज आला, मधलीला उद्देशून.

"ताई, त्याला सांग, मला कोणाच्या उपकाराची गरज नाही. सगळं स्वतःच ठरवायचं आणि वर मोठेपणा मिरवायचा. तीन नंबर करा. होऊ दे पोलिसात."

"त्याला सांग, खुशाल जा म्हणावं!"

"बघितलंत?" वहिनी उठली. "चांगलं बोलायला गेलं तरी..."

"चांगलं?" गणितबाई उठली.

मधलीनं टेबलावरचे दोन्ही फॉर्म उचलले आणि पेन घेतलं. आपण काय करतोय याचा तिनं फारसा विचार केला नव्हता. कंटाळा आला होता, एवढंच खरं. सहा वर्षं "त्याला सांग, त्याला सांग". ती आतल्या खोलीत गेली आणि मधला पडदा सर्रकन बाजूला केला. दोघं भाऊ हातभर अंतरावर उताणे पडले होते. माना वळत नव्हत्या, त्यामुळे दोघांनाही छताकडे बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"इथे लिहिलंय," ती खुर्ची ओढत म्हणाली, "'अपघाताचं वर्णन, स्वतःच्या शब्दांत'. तीन नंबर करा नाहीतर दोन, हे लिहावंच लागणार. खोटं लिहिलं तर क्लेम रद्द. मी लिहून घेते. दादा, तू आधी. गाडी कुठे होती?"

"लाँड्रीसमोर. बंद करून बसलो होतो. रेडिओवरच्या बातम्या संपायच्या होत्या."

"मग बंद गाडी मागे कशी आली?"

छतावरचा पंखा फिरत होता.

"दादा, तू रिव्हर्स घेतलास?"

"घेतला."

"का?"

"फॉर्मवर असं विचारलंय?"

"मी विचारतेय."

दाराशी वहिनी येऊन उभी राहिली होती, तिच्या खांद्यामागून गणितबाई डोकावत होती.

"आरशात ह्याची व्हॅन दिसली," शेवटी दादा म्हणाला. "म्हटलं, हा आलाय, आपण निघावं. उगाच आईच्या वाढदिवशी तमाशा नको. नंतर येईन."

मधलीनं ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मग दुसरा फॉर्म वर घेतला.

"तू?"

धाकट्याचं पोट हलायला लागलं. मधलीला आधी वाटलं, तो रडतोय.

"हसवू नकोस, मान दुखते," तो म्हणाला. "ताई, मी पण."

"तू पण काय?"

"मला पण आरशात त्याची गाडी दिसली. ती क्रीम कलरची गाडी दहा गाड्यांत ओळखू येते. म्हटलं, तो आहे तोवर आपण गल्लीबाहेर थांबू. टाकला रिव्हर्स."

"मागे न बघता?" दादानं विचारलं. सहा वर्षांत त्यानं धाकट्याला विचारलेला हा पहिला प्रश्न.

"तू बघितलंस?"

"मी घाईत होतो."

"मी पण घाईतच होतो!"

"म्हणजे," दारातून गणितबाई म्हणाली, "दोघंही एकमेकांपासून पळायला गेलात आणि एकमेकांवर आपटलात."

वहिनीला पहिल्यांदा हसू फुटलं. तिनं तोंडाला पदर लावला, पण उपयोग झाला नाही. तिच्या हसण्यानं गणितबाईला हसू आलं, मग विमामामाला, आणि खाटांवर दोघं भाऊ माना दोन्ही हातांनी घट्ट धरून "अगं आई गं, थांबा, थांबा" करत हसत सुटले. मधलीच्या डोळ्यांतून पाणी आलं. चष्मा काढून तिनं तो टॉवेलाला पुसला. दादा तशातही म्हणाला, "टॉवेलानं नको पुसूस, चरे पडतात."

हसणं ओसरल्यावर दादा छताकडे बघतच बोलायला लागला.

"बाबांच्या गाडीचा हॉर्न आठवतो तुला?"

"फाटका. म्हशीसारखा."

"ते जाऊन तीन आठवडे झाले होते. अंगणात गाडी उभी होती, शेजारचं पोर चढून आत बसलं आणि त्यानं हॉर्न दाबला. मी जेवत होतो. ताटावरून उठून दार उघडायला धावलो. बाबा आले म्हणून." दादा थांबला. "दार उघडलं तेव्हा लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला बोलावलं. परत एकदा तसं झालं असतं तर मला झेपलं नसतं."

वहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की हे तिलाही माहीत नव्हतं.

"मला सांगायचंस ना," धाकटा म्हणाला. "मी घेऊन गेलो असतो गाडी. हॉर्न काढून टाकला असता."

"सुचलं नाही रे. आणि मग तू गिऱ्हाइकांसमोर ते बोललास."

"बोललो. नको होतं बोलायला."

धाकट्यानं खाटेवरून हात बाहेर काढला. त्याला मान वळवता येत नव्हती, त्यामुळे हात हवेतच चाचपडत राहिला. दादानंही आपला हात काढला. दोन्ही हात एकमेकांना चुकवत मध्ये फिरत होते. शेवटी मधलीनं दोन्ही मनगटं धरली आणि हातात हात ठेवून दिले.

"मला एकच कळत नाही," ती नाक पुसत म्हणाली. "अकरा आणि चारच्या पाळ्या असताना दोघंही बाराला आलात कसे?"

"आईनं फोन केला," दोघं एकदमच म्हणाले.

सगळ्यांच्या माना बाहेरच्या बाकाकडे वळल्या, म्हणजे ज्यांच्या वळत होत्या त्यांच्या.

"केला," आई म्हणाली. "ऐंशी पूर्ण झाली. एकाच दिवशी दोन-दोनदा आश्चर्य वाटल्यासारखं तोंड करायला आता माझ्यात त्राण नाही. गाड्या ठोकाल असं वाटलं नव्हतं. घ्या, लिहा त्या फॉर्मवर. कारण: आई."

"तसा रकाना नाही," विमामामा कळवळून म्हणाला.

मग खरी चर्चा सुरू झाली, आणि ती आता पार उलटी होती. दादा म्हणाला, चूक त्याची, मोठा तो, त्यानं मागे बघायला हवं होतं. धाकटा म्हणाला, नाही, व्हॅन जड, जबाबदारी त्याची. दादा म्हणाला, लिही माझ्या नावावर. धाकटा म्हणाला, अजिबात लिहू नकोस. आवाज चढले. जावा मात्र एका बाकावर शेजारी शेजारी बसल्या होत्या, आणि दोघींचं म्हणणं पडलं की नवरे शहाणे होईपर्यंत कागदपत्रं बायकांच्या ताब्यात असावीत. गणितबाईनं मांडून दाखवलं: व्हॅनला क्लेम केलाच पाहिजे, ती पोटापाण्याची गाडी. दादाच्या गाडीचं काम बोनसपेक्षा थोडंसंच जास्त, म्हणजे क्लेम नाही केला तरी चालेल.

"करायचा," दादा खाटेवरून म्हणाला.

"अहो, अठ्ठावीस वर्षांचा बोनस!" वहिनी म्हणाली. "गिऱ्हाइकांना सांगत असता तुम्ही."

"म्हणूनच. त्यानं एकट्यानं चूक केली असं कंपनीच्या दप्तरी राहायला नको. दोघांनी केली, दोघांची लिहा."

वहिनीनं त्याच्याकडे बघितलं आणि मग आपल्या भावाला म्हणाली, "दोन नंबर. दोन्ही गाड्या."

विमामामाच्या कपाळावर मात्र घाम आला होता. "माझाही विचार करा. दोन भाऊ, एक आडनाव, एक एजंट, आणि तो एजंट एकाचा मेहुणा. कंपनी म्हणेल, ठरवून ठोकली."

"ठरवून?" वहिनी म्हणाली. "सहा वर्षं हे एकमेकांशी बोलत नाहीत याला अख्खी बाजारपेठ साक्षीदार आहे. हवे तेवढे जबाब मिळवून देते."

यावर त्याचं समाधान झालं. त्यानं सर्व्हेयरला फोन लावला, बाहेर जाऊन बराच वेळ अजीजीनं बोलला आणि आत येऊन जाहीर केलं, "सगळ्या बाजूंनी फोटो काढायचे. मग गाड्या सोडवून दार उघडायला परवानगी आहे. त्यानंतर मात्र गाड्या उद्या सकाळी दहापर्यंत गल्लीतून हलवायच्या नाहीत."

गाड्या एकमेकींतून सोडवायला दोघी जावांनी जोर लावला. दोघं भाऊ मानेला पट्टे बांधून ताठ उभे होते आणि एकाच वेळी उलट्या सूचना देत होते. दार तिसऱ्या हिसक्याला सुटलं. केक एका बाजूला घसरून दारावर चेपला होता. उरलेली बाजू मात्र शाबूत होती. आईनं वाकून पाहणी केली.

"चेपलेल्या बाजूनं कापू," ती म्हणाली. "आधी दुखणाईत."

मधलीच्या तपासणीच्या टेबलावर, कागदी चादरीवर ठेवून त्यांनी तो खाल्ला. मान वाकत नसल्यामुळे दोघा भावांना त्यांच्या बायकांनी भरवला. आईनं तीन तुकडे खाल्ले आणि एकदाच आश्चर्य वाटल्याचं तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला सर्व्हेयर आला. बारीक अंगाचा, हातात फाइल, चेहऱ्यावर आजवर ऐकलेल्या सगळ्या थापांचा थकवा. व्हॅन जागेवर होती. क्रीम रंगाची गाडी नव्हती.

"गाडी हलवायची नाही असं सांगितलं होतं," तो म्हणाला.

मधलीलाही काही कळेना. रात्री दोघं इथेच राहिले होते, खाली खाटांवर. सकाळी सहाला ती उठली तेव्हा खाटा रिकाम्या होत्या. ती काहीबाही सांगत असतानाच गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली. बंपर दोरीनं बांधलेला, मागच्या सीटवर पावाचे रिकामे ट्रे छपरापर्यंत. दादा गाडी चालवत होता, शेजारी धाकटा. दोघांच्या मानेला पट्टे, त्यामुळे दोघंही राजासारखे ताठ. आणि उघड्या काचांतून भांडण ऐकू येत होतं.

"पुलावरून गेलो असतो तर साडेसातलाच इस्पितळात पाव टाकून झाला असता!"

"पुलावर गर्दी असते."

"सकाळी सहाला? कसली गर्दी? चौदा वर्षं पाव टाकतोय मी!"

"आणि मी काय डोळे मिटून गाडी चालवतो?"

सर्व्हेयरनं फाइल छातीशी धरली. "हेच का ते दोघं?"

"हेच," मधली म्हणाली.

त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, दोरी बघितली, फॉर्म उघडून स्वतःशीच वर्णन वाचलं. पहिला फॉर्म, मग दुसरा. मग पहिला पुन्हा. त्याच्या मिशीचं एक टोक हललं.

"बावीस वर्षांत," तो म्हणाला, "दोन्ही बाजूंचं वर्णन जुळलेलं मी पहिल्यांदा बघतोय." आणि त्यानं सही केली. "व्हॅन आज गॅरेजला जाऊ दे. दार नवीन येईल. दहा दिवस लागतील."

"दहा?" दादानं विचारलं. तो गाडीतून उतरला नव्हता. अंगावर पिठाचे डाग होते आणि मांडीवर कोणीतरी दिलेला गरम पाव. "एवढी घाई कशाला? मी आहे ना सकाळी पाव न्यायला. नीट करू दे त्यांना. पंधरा लागले तरी चालतील."

"वीस," धाकटा म्हणाला. "याला अजून रस्तेच कळलेले नाहीत."